पाळी येते, म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीनच घेतली आहेत. तिन्ही वाढत्या वयाच्या मुलींची आहेत आणि तिन्हींचं मूळ जन्माआधीचं आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तिथं ऑपरेशनची तारीख ठरली आहे आणि ती पुढे ढकलण्याची गरज आहे. नावं-गावं अर्थातच काढून टाकली आहेत.

पत्र पहिलं

मॅडम, माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. गेल्या दिवाळीत तिला पाळी सुरू झाली. महिन्याच्या महिन्याला येते, चार दिवस असते. पहिले दोन महिने काही त्रास नव्हता. मग पोटात दुखायला लागलं आणि ते दर वेळी वाढतच गेलं. आता पाळी संपली तरी आठ-दहा दिवस उजव्या बाजूला दुखतं. खाली बसलं की जड वाटतं म्हणते. दोन ठिकाणी दाखवलं. एकांनी ‘वाढीचं वय आहे, होतं असं’ म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांना अपेंडिक्सची शंका आली. आता सोनोग्राफीत उजवी किडनी दिसत नाही असं लिहिलंय आणि खाली ८ सेंटिमीटरची गाठ आहे. अंडाशयाची चॉकलेटी गाठ असेल, पोट उघडून काढू म्हणाले. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीच्या पोटाला सुरी लावू नका. मी काय करू?
— एक आई, गडहिंग्लज तालुका

ताई, पुढच्या आठवड्याची तारीख आधी पुढे ढकला. ऑपरेशन बहुतेक लागेलच, पण ते पोट उघडून गाठ काढण्याचं नसावं. मुलीला न तपासता मी निदान करू शकत नाही. मात्र तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की एका आजाराचं नाव डोळ्यांपुढे येतं: पाळी नियमित आहे, दुखणं महिन्या-महिन्याला वाढतंय आणि ज्या बाजूला गाठ आहे त्याच बाजूची किडनी नाही. तुमच्या रिपोर्टमधली किडनीची ओळ ही त्या गाठीची किल्ली आहे. ती वाचून कुणी थांबलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

काय झालं असेल ते सांगते. आईच्या पोटात मुलीचं शरीर घडताना गर्भपिशवी एकसंध तयार होत नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या दोन नळ्या खाली सरकत मधोमध एकमेकींना मिळतात, त्यांच्यातली भिंत विरते आणि एक पिशवी, एक तोंड आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. या नळ्यांना अगदी खेटून दुसरी एक नळी असते आणि तिच्यातूनच किडनीचा कोंब फुटतो. शेजारच्या त्या नळीत एका बाजूला बिघाड झाला, तर त्या बाजूची किडनी तयार होत नाही. पिशव्याही एकमेकींना मिळत नाहीत, दोन वेगळ्या राहतात. आणि त्याच बाजूच्या योनिमार्गाला खालून वाटच फुटत नाही.

म्हणजे तुमच्या मुलीला बहुधा दोन पिशव्या आहेत. डावीची वाट मोकळी आहे, म्हणून पाळी वेळेवर येते आणि सगळे निर्धास्त राहतात. उजवीलाही दर महिन्याला पाळी येते, पण ते रक्त वाट अडवणाऱ्या पडद्याच्या मागे साठत राहतं. तीच गाठ. पहिले दोन महिने त्रास नव्हता, कारण तेवढं रक्त मावायला जागा होती. डॉक्टर या आजाराला ‘ओहविरा’ म्हणतात, त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातली ती आद्याक्षरं आहेत. जुन्या पुस्तकांत तो हर्लिन, वर्नर आणि वुंडरलिश या तीन डॉक्टरांच्या नावानं सापडेल. १९७१ आणि १९७६ साली त्यांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं. डावीपेक्षा उजव्या बाजूला तो जास्त आढळतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, त्याला कारण आहे.

१९९६ साली कोल्हापुरात शाहूपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत माझा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. राधानगरीच्या पुढच्या एका वाडीवरून एक आई मुलीला घेऊन एसटीनं यायची. येताना भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं पिशवीत घालून आणायची. ज्या दिवशी पोरीचं दुखलं, त्या तारखेवर लाल पेन्सिलीनं गोल केलेला असायचा. पहिल्या पानावर दोन गोल होते, मग तीन, मग पाच. शेवटी आणलेल्या पानावर अकरा. त्या माउलीनं निदान जवळजवळ माझ्या टेबलावर मांडलं होतं आणि मी गोळ्या लिहून देत होते. पाळी येते आहे, तर वाट मोकळीच असणार, असं मी धरून चालले. सोनोग्राफी झाली होती, पण चिठ्ठीवर मी फक्त ओटीपोटाची लिहिली होती. बेंबीच्या वर कुणी पाहिलंच नाही, कारण मी पाहायला सांगितलं नव्हतं. पुढे मुलीला ताप भरला, साठलेल्या रक्तात पू झाला. पुण्याला पाठवेपर्यंत त्या बाजूची पिशवी आणि गर्भनलिका वाचवण्यासारखी राहिली नव्हती. आई माझ्यावर रागावली नाही. “तुमच्याकडं आलं की धीर यायचा,” एवढंच म्हणाली. तो धीर मी तिला खोटा दिला होता.

तेव्हापासून वयात आलेल्या मुलीच्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर मी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिते: ‘दोन्ही किडन्या पाहा.’

आता तुम्ही काय करायचं ते. सोनोग्राफी पुन्हा करा, लघवी तुंबेपर्यंत पाणी पिऊन आणि पोटावरूनच. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी आतून करायची गरज नसते, कुणी तसं म्हणालं तर सरळ नाही म्हणा. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: पिशव्या किती, पिशवीची तोंडं किती, आणि गाठ अंडाशयात आहे की पिशवीच्या खाली. उत्तर ‘पिशवीच्या खाली’ असं आलं, तर ती अंडाशयाची गाठ नाही.

मग एमआरआय. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे त्याची धास्ती नको. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, आणि यंत्राचा आवाज मोठा असतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. हे मुलीला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती दचकणार नाही. अंगावरचं सगळं धातूचं काढलं आणि तिथल्या तंत्रज्ञांनी परवानगी दिली, तर तुम्हाला तिच्याजवळ थांबता येईल. एक गोष्ट फार महत्त्वाची: एमआरआयच्या आधी कुणालाही सुई घालून गाठ रिकामी करू देऊ नका. साठलेलं रक्त हाच आतला नकाशा असतो. ते काढून टाकलं तर पडदा कुठे आणि किती जाड आहे ते नीट दिसत नाही. शिवाय सुईच्या भोकातून जंतू आत शिरतात.

निदान पक्कं झालं, तर ऑपरेशन खालून, योनिमार्गातूनच होतं. भूल देऊन तो आडवा आलेला पडदा कापतात, तुकडा काढून रुंद खिडकी करतात आणि कडा टाक्यांनी शिवतात. नुसती चीर देऊन भागत नाही, ती मिटते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं. पोटावर टाका नाही, पिशवी काढायची नाही, अंडाशयाला हात लावायचा नाही. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा. त्यांचं म्हणणं या बाबतीत बरोबर आहे: पोट उघडण्याची गरज बहुधा नाही. पण ‘ऑपरेशनच नको’ हे बरोबर नाही. अडलेलं रक्त नळीवाटे उलटं पोटात जातं आणि तिथं चिकटून बसतं. दिवस जातील तसं हे नुकसान वाढतं.

हे ऑपरेशन रोज होणारं नाही. म्हणून ज्यांच्याकडे जाल त्यांना सरळ विचारा, “असे रुग्ण तुम्ही आधी केले आहेत का?” चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. गडहिंग्लजहून कोल्हापूर जवळ पडतं. तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, स्त्रीरोग विभागात रिपोर्ट दाखवा. तिथून पुण्या-मुंबईला पाठवलं तर जा. तारीख लांबची मिळाली, तर तोवर पाळी थांबवणाऱ्या गोळ्या देता येतात, म्हणजे आणखी रक्त साठत नाही. त्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्यायच्या. आणि ताप, थंडी किंवा घाण वासाचं पाणी अंगावरून जाणं, यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्ही विचारलं नाही, तरी किडनीबद्दल लिहिते. एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य नीट जगतो. पळू द्या, खो-खो खेळू द्या. पण गेले कित्येक महिने ती दर पाळीला वेदनाशामक गोळ्या घेते आहे, आणि यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवर ताण आणतात. एकच किडनी असलेल्या मुलीनं मेडिकलमधून मनानं गोळी आणून घ्यायची नाही. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. आणि ‘मला एकच किडनी आहे’ हे वाक्य तिला स्वतःला पाठ असू द्या, कुठल्याही दवाखान्यात सांगता येईल असं.

पुढे मूल होईल का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. अशा अनेक स्त्रियांना दोन्हींपैकी कुठल्याही पिशवीत दिवस राहतात आणि मूल होतं. बाळ लवकर येण्याचं आणि पायाळू असण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून नाव लवकर नोंदवायचं आणि हा कागद सोबत न्यायचा.

ज्यांच्या मुलीला एकच किडनी आहे हे आधीच माहीत आहे, त्यांच्यासाठीही एक वाक्य. जन्माला येणाऱ्या हजार बाळांमागे साधारण एकाला एकच किडनी असते, आणि आता गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच ते बऱ्याचदा कळतं. ती मुलगी असेल, तर छाती वाढायला लागली की, पहिली पाळी येण्याआधीच, पिशवीची सोनोग्राफी करून घ्या.

पत्र दुसरं

डॉक्टर, मी १७ वर्षांची आहे, बारावी सायन्सला. मला पाळी आलेली नाही. दोन वर्षं पाळी येण्याच्या गोळ्या घेतल्या, आली नाही. आता एमआरआयमध्ये गर्भाशय दिसत नाही असं लिहिलंय. डॉक्टर आईशी बाहेर बोलले, मी रिपोर्ट नंतर चोरून वाचला. आई रोज पहाटे अंबाबाईला जाते आणि मला म्हणते कुणाला सांगू नकोस, लग्न होणार नाही. मला एकच विचारायचं आहे. मी मुलगी आहे ना?
— नाव नको, कोल्हापूर

बाळ, हो. तू मुलगी आहेस.

तुझा रिपोर्ट तुला चोरून वाचावा लागला, याबद्दल एक डॉक्टर म्हणून मला तुझी माफी मागावीशी वाटते. तो तुझ्यासमोर बसून, तुला पाणी देऊन, सावकाश वाचून दाखवायला हवा होता.

तुझी छाती वयाप्रमाणे वाढली असेल, काखेत आणि खाली केस आले असतील, तर तुझी अंडाशयं काम करत आहेत. स्त्रीपणाची संप्रेरकं तिथं तयार होतात, पिशवीत नाही. वर पहिल्या पत्रात दोन नळ्यांबद्दल लिहिलंय ते वाच. त्या नळ्या काहीजणींत पूर्ण वाढतच नाहीत, त्यामुळे पिशवी आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होत नाही. याला ‘एमआरकेएच’ म्हणतात. साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीला हे असतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सुमारे १९ लाख मुली-बायका होत्या. भागाकार करून पाहा, तू सायन्सची आहेस. चारशेच्या आसपास उत्तर येईल. त्यातली एकही तुला भेटलेली नाही, कारण तिच्याही घरी तिला गप्प बसायला सांगितलेलं असणार.

दोन तपासण्या राहिल्या असतील तर करून घे. एक, रक्तातून गुणसूत्रांची तपासणी. वरवर अशीच दिसणारी दुसरी एक अवस्था असते, त्यात गुणसूत्रं वेगळी असतात आणि उपचारही वेगळे. अंदाजानं न ठरवता कागदावर ठरवायचं. त्याचं उत्तर काहीही आलं, तरी मी पहिल्या ओळीत लिहिलेलं बदलत नाही. दुसरी, किडन्यांची सोनोग्राफी. एमआरकेएच असलेल्या मुलींतही किडनी एका बाजूला नसणं किंवा खाली सरकलेली असणं बरंच आढळतं. पाळी येण्याच्या गोळ्या आता बंद कर. पिशवीच नाही तर पाळी कुठून येणार? त्या गोळ्यांनी तुला दोन वर्षं फक्त वाट पाहायला लावली.

उपचारांची घाई नाही, हे नीट लक्षात ठेव. लग्नाच्या आधी घाईनं ऑपरेशन करून ‘सगळं नीट करून टाकू’ असं कुणी आईला सांगितलं, तर थांब. योनिमार्ग लांबवण्याचा पहिला उपाय ऑपरेशनचा नाही. गुळगुळीत, वाढत्या मापाच्या नळकांड्यांनी, रोज थोडा वेळ, काही महिने, स्वतःच्या हातानं दाब देत तो लांबवता येतो. डायलेटर म्हणतात त्याला. नीट शिकवलं आणि मुलीनं स्वतः मनावर घेतलं, तर दहापैकी नऊजणींहून जास्त मुलींना ऑपरेशन लागत नाही. हे केव्हा सुरू करायचं ते तू ठरवायचं, वीस-बावीसाव्या वर्षी, किंवा त्याही नंतर. बारावीची परीक्षा तोंडावर असताना तर मुळीच नको.

मुलाचा प्रश्न तू विचारला नाहीस, तो आईचा आहे, म्हणून तिच्यासाठी लिहिते. पोटी गर्भ वाढवणं आज तिला शक्य नाही, हे खरं आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पण तिची बीजं तिची आहेत. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार पैशाच्या व्यवहाराविना, लग्न झालेल्या जोडप्याला वैद्यकीय कारणासाठी तो मार्ग खुला आहे, त्याच्या अटी आहेत. दत्तक आहे. आणि आपल्यापासून चार-पाच तासांवर, पुण्यात, २०१७ साली देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं. आईनं मुलीला स्वतःचं गर्भाशय दिलं होतं आणि २०१८ च्या ऑक्टोबरात त्याच गर्भाशयातून बाळ जन्माला आलं. ते मोठं, धोक्याचं, खर्चाचं ऑपरेशन आहे. मी ते तुझ्यासाठी सुचवत नाही. फक्त दहा वर्षांनी दार कुठे असेल ते आज ठरवू नये.

आई पहाटे देवीला जाते, जाऊ दे. ती तिथं रडून मोकळी होत असेल. पण तू कुठे मोकळी होतेस? एक माणूस निवड. मावशी, थोरली बहीण, कॉलेजातली एखादी मॅडम, जिच्या पोटात गोष्ट राहते अशी. तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि म्हण, “माझ्याशी बोला.” लग्न ठरेल तेव्हा त्या मुलाला लग्नाआधी सांगायचं, तू स्वतः सांगायचं. लपवून उभा केलेला संसार मी मोडताना पाहिला आहे. सांगून केलेले दोन संसार माझ्या ओळखीचे आहेत, त्यातलं एक जोडपं दर वर्षी जोतिबाच्या यात्रेनंतर गुलालानं माखलेलं मला भेटायला येतं.

पत्र तिसरं

मी शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सहावीतली एक मुलगी सतत ओली असते. लघवीला नेहमीसारखी जाते, तरी कपडे ओले. वर्गातल्या मुली तिच्या बाकावर बसत नाहीत. वडील म्हणतात आळशी आहे, मारतात. डॉक्टरांनी ‘मानसिक आहे, सुटेल सवय’ म्हणून सांगितलंय.

बाई, ही मुलगी आळशी नाही. जी मुलगी लघवीला वेळेवर जाते आणि तरीही दिवस-रात्र थेंब-थेंब ओली राहते, जन्मापासून एक दिवसही कोरडी नाही, तिच्यात एक गोष्ट तपासायलाच हवी. किडनीतून येणारी नळी मूत्राशयात उघडायला हवी. काही मुलींत ती चुकून त्याच्या खाली, लघवी धरून ठेवणाऱ्या झडपेच्या पलीकडे किंवा योनिमार्गात उघडते. ती लघवी मूत्राशयात जातच नाही, मग धरणार कशी? मुलग्यांत अशी नळी झडपेच्या वर उघडते, म्हणून ते ओले राहत नाहीत. हा त्रास मुलींचाच.

तिच्या आईला एक साधी गोष्ट करायला सांगा. मुलगी लघवी करून आली की लगेच कोरड्या कापडाची घडी लावायची, अर्ध्या तासानं पाहायची. मूत्राशय नुकतंच रिकामं झालेलं असताना घडी ओली झाली, तर हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगायचं. सोनोग्राफीत बऱ्याचदा एका बाजूची किडनी दुहेरी दिसते आणि तिच्या वरच्या भागाची नळी भरकटलेली असते. पण तो वरचा भाग कधी इतका बारीक असतो की सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येते. तेव्हा तिथं थांबायचं नाही, एमआरआयनं मूत्रमार्ग पाहायचा. लहान मुलांचे सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट ती नळी योग्य जागी जोडतात, किंवा किडनीचा तो भाग कामाचाच नसेल तर काढतात. त्यानंतर मुलगी कोरडी होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष शोधून पुढे पाठवणं हे त्यांचं कामच आहे आणि पुढचे उपचारही त्यातून मोफत होतात. पथक येईल तेव्हा तिला रांगेत सगळ्यांसमोर उभी करू नका, आधी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. वडिलांना शाळेत बोलवा. ही नळीची चूक आहे, पोरीची नाही, हे तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. गावात शिक्षकाचा शब्द डॉक्टरपेक्षा जास्त चालतो. तोवर तिला दाराजवळच्या बाकावर बसवा, न विचारता बाहेर जायची मुभा द्या, आणि कपाटात तिच्या मापाचा एक कोरडा जोड ठेवा.